वाचकांचे प्रश्न : घरच्या संगीतासाठी व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर?

घरच्या स्टीरिओविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे या वेळी ॲम्प्लिफायरच्या निवडीबद्दल आहेत. सांगली, मिरज, सातारा, कराड आणि तासगाव येथून आलेले प्रश्न एकमेकांना पूरक असल्यामुळे त्यांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागेत राहतो. निवृत्तीनंतर ख्याल आणि नाट्यसंगीत निवांतपणे ऐकावे म्हणून चांगला स्टीरिओ घेत आहे. खोली बारा फूट बाय चौदा फूट आहे. शेल्फवर मावणारे, ८७ डेसिबल संवेदनशीलतेचे स्पीकर घेऊन झाले आहेत. एका मित्राकडे व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर ऐकला आणि त्या आवाजातल्या गोडव्याने मन भरून आले. दुकानदार मात्र ट्रान्झिस्टरचाच घ्या म्हणतो. रोज तीन तास तरी ऐकणे होईल. मी काय घ्यावे?

उत्तर : आपल्या खोलीसाठी आणि आपण घेतलेल्या स्पीकरसाठी ट्रान्झिस्टरचा, दर चॅनेलला ४० ते ६० वॉटचा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर (आवाजाचे नियंत्रण आणि शक्ती एकाच पेटीत असलेला) घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र मित्राकडे आपल्याला जाणवलेला गोडवा खरा होता. तो ॲम्प्लिफायर आणि स्पीकर या जोडीचा होता, आणि तीच जोडी आपल्या घरी जमेल याची खात्री देता येत नाही. हे नीट उलगडल्याशिवाय आपण पैसे खर्च करू नयेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

व्हॉल्व्हच्या निर्वात काचनळीत तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, आणि मधल्या जाळीवर म्हणजे ग्रिडवर दिलेल्या लहानशा विद्युतदाबाने त्यांचा प्लेटकडे जाणारा ओघ कमी-जास्त होतो. १९०४ मध्ये जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी ग्रिड नसलेला साधा व्हॉल्व्ह तयार केला. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी त्यात ग्रिड हे तिसरे टोक घातले, आणि पुढे कित्येक दशके रेडिओ, ग्रामोफोन व सिनेमागृहे या नळ्यांवर चालली. डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये ट्रान्झिस्टर तयार झाला. तो हेच काम तापणाऱ्या तंतूविना आणि थोड्या व्होल्टवर करतो. व्हॉल्व्हच्या प्लेटला सहसा ३०० ते ४५० व्होल्ट लागतात आणि त्यातून प्रवाह थोडाच मिळतो, तर स्पीकरला थोडे व्होल्ट आणि भरपूर प्रवाह हवा असतो. म्हणून या दोघांच्या मध्ये आऊटपुट ट्रान्सफॉर्मर बसवावा लागतो. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचे वजन, त्याची किंमत आणि बराचसा स्वभावही या ट्रान्सफॉर्मरवर ठरतो. स्वस्त व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमध्ये काटकसर नेमकी येथेच केलेली असते. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातले लोखंड कमी पडले की खर्जाचा आवाज क्षीण होतो आणि मोठ्या आवाजात तो फाटतो.

आता मुद्द्याची गोष्ट. ट्रान्सफॉर्मर लावूनही व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आऊटपुट रोध साधारण एक ते तीन ओहम राहतो, आणि चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचा तो एक ओहमच्या विसाव्या हिश्श्याइतका किंवा त्याहून कमी असतो. स्पीकरवर ‘८ ओहम’ असे छापलेले असले, तरी प्रत्यक्षात त्याचा रोध स्वरागणिक बदलतो. एखाद्या पट्टीत तो ४ ओहमपर्यंत उतरतो आणि दुसऱ्या ठिकाणी २० ओहमवर चढतो. ॲम्प्लिफायरचा रोध २ ओहम धरून हिशेब केला, तर ४ आणि २० ओहमच्या या दोन ठिकाणी स्पीकरला मिळणाऱ्या व्होल्टेजमध्ये अडीच डेसिबलहून अधिक फरक पडतो. ट्रान्झिस्टरच्या बाबतीत हाच फरक एक दशांश डेसिबलच्याही आत राहतो. अडीच डेसिबलचा उतार-चढाव कोणत्याही कानाला कळतो. म्हणजे व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर जोडला की नकळत टोन कंट्रोल फिरवल्यासारखा परिणाम होतो, आणि तो कोणत्या दिशेने होईल हे स्पीकर ठरवतो. आपल्या मित्राकडे तो परिणाम बहुधा गळ्याच्या पट्टीला उठाव देणारा होता. आपल्या स्पीकरवर तो वरच्या पट्टीत कर्कश होऊ शकतो किंवा खाली फुगू शकतो.

याचाच दुसरा परिणाम तबल्यात दिसतो, आणि आपण ख्याल ऐकता म्हणून तो मुद्दाम सांगतो. ॲम्प्लिफायरचा रोध कमी असेल, तर स्पीकरचा पडदा हलल्यानंतर स्वतःच्या गतीने हेलकावत राहू पाहतो तेव्हा त्याला चाप बसतो. हा चाप मोजण्याच्या आकड्याला डॅम्पिंग फॅक्टर म्हणतात. व्हॉल्व्हमध्ये तो बहुधा एक आकडी असतो आणि ट्रान्झिस्टरमध्ये शंभराच्या वर सहज जातो. विलंबित एकतालात डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेला घुमारा ऐका. आवाज खालून वर चढत जातो आणि पुढच्या बोलाआधी पुरता मिटतो, असे वाजवणाऱ्याने वाजवलेले असते. चाप कमी असलेल्या ॲम्प्लिफायरवर त्या घुमाऱ्याला शेपूट राहते, चढत जाणारी ओळ पुसट होते आणि सगळे डग्गे एकाच सुरात घुमल्यासारखे वाटतात. काही श्रोत्यांना हा भरदारपणा आवडतो. मला तो वादकावर अन्याय वाटतो.

शक्तीचाही हिशेब मांडू. ८७ डेसिबलचे, म्हणजे एक वॉटवर एक मीटर अंतरावर तेवढा आवाज देणारे, दोन स्पीकर प्रत्येकी एक वॉटवर वाजले, तर आपल्या खोलीत दहा फुटांवर बसलेल्या माणसाच्या कानाशी साधारण ८२ डेसिबल आवाज पोहोचतो. निवांत ऐकण्याची सरासरी पातळी ७५ डेसिबल धरली, तर सरासरीला वॉटचा पाचवा हिस्सासुद्धा पुरतो. परंतु तबल्याची थाप किंवा तारसप्तकातली फेक सरासरीच्या १५ ते १८ डेसिबल वर उसळते, आणि दर तीन डेसिबलला वॉट दुप्पट लागतात. त्या क्षणी दहा-बारा वॉटची गरज पडते. एका ३०० बी व्हॉल्व्हवर चालणाऱ्या सिंगल-एंडेड, म्हणजे एकाच व्हॉल्व्हने पूर्ण लहर हाताळणाऱ्या, ॲम्प्लिफायरला सुमारे आठ वॉट मिळतात, म्हणजे आपल्या स्पीकरवर तो ऐन उसळीला कमी पडेल. ईएल ३४ व्हॉल्व्हच्या जोडीचा पुश-पुल, म्हणजे दोन व्हॉल्व्ह विरुद्ध बाजूंनी काम करतात असा, ॲम्प्लिफायर ३० वॉटच्या वर जातो आणि शक्तीपुरता आपल्याला चालेल, पण वर सांगितलेला रोधाचा प्रश्न त्यालाही असतो.

आता सांगलीच्या हवेचे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर गाणे चालू असो वा नसो, दीड-पावणेदोनशे वॉट सहज ओढतो, आणि ती जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन खोलीतच राहते. १८० वॉट धरले, तर रोज तीन तासांप्रमाणे महिन्याला सोळा युनिट होतात. एबी वर्गाचा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर त्याच वापरात तीन-चार युनिटांत भागवतो, आणि डी वर्गाचा, म्हणजे ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून काम करणारा, त्याहूनही कमी घेतो. बिलातला फरक सोसेल, पण ऐन उन्हाळ्यात बंद खोलीत ती उष्णता अंगाला जाणवते, आणि तिच्यासाठी पंखा वाढवला की पंख्याचा आवाज गाण्यात मिसळतो. शिवाय पॉवर व्हॉल्व्हची काच हात भाजेल इतकी तापते. घरी लहान नातवंडे असतील, तर जाळीचे झाकण काढून ठेवण्याचा मोह टाळावा लागेल.

देखभालही लक्षात घ्यावी. पॉवर व्हॉल्व्ह दोन-तीन हजार तास चांगले काम करतात, म्हणजे रोज तीन तास ऐकणाऱ्याला दोन-तीन वर्षांनी ते बदलावे लागतात, तेही जुळवलेल्या जोडीने, आणि काही ॲम्प्लिफायरमध्ये बायस, म्हणजे गाणे नसतानाही वाहणारा ठरावीक प्रवाह, पुन्हा लावून. एके काळी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह मिळत. आज नवे व्हॉल्व्ह प्रामुख्याने चीन, रशिया आणि स्लोव्हाकियातून येतात. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर याबाबतीत सोशिक असतो. पुष्कळ वर्षांनी त्यातले कंडेन्सर सुकतात, पण ते बदलणारा कारागीर आपल्याकडे अजून मिळतो.

जुन्या मंडळींच्या मनात ट्रान्झिस्टरबद्दल जी नाराजी आहे तिलाही आधार होता, हे नोंदवायला हवे. साठ-सत्तरच्या दशकांतल्या अनेक ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये लहरीचा वरचा अर्धा भाग एका ट्रान्झिस्टरकडून आणि खालचा दुसऱ्याकडून येताना मधल्या सांध्यावर खाच पडे. ही विकृती मोठ्या आवाजात झाकली जाई आणि हळू आवाजात उघडी पडे, म्हणजे एखाद्या गायकाचा हलका, श्वासाबरोबर सोडलेला स्वर नेमका खरखरीत होई. व्हॉल्व्हचे उलटे असते. त्याची विकृती हळू आवाजात नगण्य असते आणि आवाजाबरोबर हळूहळू वाढते. कान त्या पिढीच्या यंत्रांवरून जे शिकले, ते त्या काळी बरोबर होते. आज योग्य बायस दिलेल्या साध्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्येही ती खाच ऐकू येण्याच्या पलीकडे गेलेली आहे.

दुकानदाराकडे मागताना एवढे पाहावे : ४ ओहमवर ॲम्प्लिफायर किती वॉट देतो याचा आकडा दिलेला असावा आणि तो ८ ओहमच्या आकड्यापेक्षा बराच मोठा असावा, स्पीकर प्रोटेक्शन रिले असावा, आणि टोन कंट्रोल असावेत. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर थेट डीसी स्पीकरवर जाऊन कॉइल जळते. व्हॉल्व्हमध्ये मधला ट्रान्सफॉर्मर हा धोका टाळतो, येथे ते काम रिलेला करावे लागते. उरलेल्या रकमेतून खोलीची सोय करावी. फरशी, गिलावा आणि काचेच्या खिडक्या असलेल्या आपल्याकडच्या खोल्यांत आवाज इतका आदळतो की ॲम्प्लिफायरमधले सगळे सूक्ष्म फरक त्यात बुडतात. स्पीकर आणि खुर्ची यांच्यामध्ये एक जाड सतरंजी, समोरच्या खिडकीला दाट पडदा आणि मागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट यांनी जेवढा फरक पडेल, तेवढा ॲम्प्लिफायर बदलून पडणार नाही. वजनाचाही विचार असू द्यावा. ऑगस्ट २०१९ मध्ये ज्यांच्या घरी कृष्णेचे पाणी शिरले, त्यांना वस्तू वरच्या मजल्यावर नेण्यासाठी हाताशी किती वेळ असतो हे ठाऊक आहे, आणि मोठा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर एकट्या माणसाला उचलत नाही.

प्रश्न : मी मिरजेत गाणे शिकवते. व्हॉल्व्हमुळे मूळ स्वराला दुसरा स्वनक, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर, जोडला जातो व त्यामुळे आवाज सुरेल होतो, असे वाचले. तानपुऱ्यातही असेच स्वर आपोआप उमटतात. मग तानपुरा आणि गायन व्हॉल्व्हवर अधिक खुलेल का? खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकण्यासाठी तरी व्हॉल्व्ह योग्य आहे का?

उत्तर : आपण ज्या गावात राहता, तिथे हा प्रश्न यावा याचा मला विशेष आनंद झाला, कारण मिरजेचा तानपुरा हाच या प्रश्नाचा उत्तम कस आहे.

आधी वाचलेल्या विधानाची मर्यादा पाहू. दुसरा स्वनक मुख्यत्वे सिंगल-एंडेड व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर जोडतो. दोन व्हॉल्व्ह विरुद्ध बाजूंनी काम करतात त्या पुश-पुल रचनेत सम स्वनक एकमेकांना बऱ्याच अंशी खोडतात आणि तिसरा मागे उरतो. एकच सूर वाजत असेल, तर दुसरा स्वनक तारषड्ज देतो आणि तिसरा तारपंचम. दोन्ही षड्जाशी मिळते आहेत, त्यामुळे त्यांची भर कानाला बोचत नाही. इथपर्यंत आपण वाचले ते बरोबर आहे.

अडचण एकाहून अधिक सूर एका वेळी वाजतात तेव्हा सुरू होते, आणि आपले संगीत तानपुऱ्यावाचून नसतेच. जी विकृती दुसरा स्वनक निर्माण करते, तीच दोन सुरांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकीही निर्माण करते, आणि बेरजेचा सूर तर त्या स्वनकांहून अधिक जोरकस असतो. काळी एकचा षड्ज १३९ हर्ट्झ धरा. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा त्याच सुरात आहेत आणि गायक त्यावर मध्य पंचम लावतो, तो झाला साधारण २०८. बेरीज ३४७ येते, तो तारसप्तकातला शुद्ध गंधार. वजाबाकी ६९ येते, तो खर्जाचा षड्ज. हे दोन्ही सुरेल आहेत, आणि असा एखादा नमुना ऐकवून व्हॉल्व्हचा गोडवा सहज पटवता येतो. आता गायकाने मारव्यातला कोमल ऋषभ लावला, साधारण १४८. षड्जाशी त्याची बेरीज २८७. तारषड्ज २७८ वर आहे आणि तारेतला कोमल ऋषभ २९६ वर, म्हणजे हा नवा सूर दोघांच्या बरोबर मध्ये पडतो. तो रागात नाही आणि कोणी गायलेलाही नाही. तो अर्थात क्षीण असतो, पण हार्मोनियम, तबला आणि साथीचा गळा मिळून अशा अनेक जोड्या एकाच वेळी होतात, आणि त्यांचा गाळ स्वरांच्या मधल्या शांत जागेत साचतो.

मिरजेच्या सतारमेकर मंडळींच्या दुकानात तानपुऱ्याची जवारी (तारेला गुंजन देणारा घोडीचा आकार) लावताना आपण पाहिलेच असेल. कारागीर घोडीवर कानस हलकेच फिरवतो, तार छेडतो, तारेखालचा सुती दोरा केसभर पुढे-मागे करतो आणि पुन्हा ऐकतो. खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार कानावर आला की मग कुठे हात थांबतो. ज्या वाद्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे वैशिष्ट्य या हातात आहे. त्या तारेतून कोणते स्वनक किती यावेत हे त्याने ठरवून दिलेले आहे, आणि गायकाने आपल्या गळ्याप्रमाणे दोरा लावून त्यावर मोहोर उठवलेली आहे. घरच्या यंत्राने त्यात स्वतःची भर घालू नये, असे मला मनापासून वाटते. तानपुरा ऐकण्यासाठी मी कमीत कमी विकृतीचा ॲम्प्लिफायर निवडेन, मग तो ट्रान्झिस्टरचा असो वा उत्तम पुश-पुल व्हॉल्व्हचा. स्वच्छ ॲम्प्लिफायरवर जवारी अधिक बारीक ऐकू येते. आपण दोन्हींवर तोच तानपुरा ऐकून पाहावा.

खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकांचा प्रश्न निराळा आहे. १९२५ पर्यंतचे ध्वनिमुद्रण भोंग्यातून, विजेविना होत असे; त्यानंतर मायक्रोफोन आणि व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर आले. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या गायनाचा ठेवा या दोन्ही पद्धतींत आहे. व्हॉल्व्हवर मुद्रित झाले म्हणून व्हॉल्व्हवरच ऐकावे, याला तांत्रिक आधार नाही. भोंग्यात मुद्रित झालेले तर व्हॉल्व्हने पाहिलेलेही नाही. या तबकड्यांत वरचे सूर फार थोडे आहेत आणि सुईची खरखर भरपूर आहे. वरचा भाग थोडा मवाळ करणारा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर ती खरखर दाबतो, म्हणून तो बरा वाटतो. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरवरचा ट्रेबल थोडा उतरवला की तेच साधते, आणि नवे मुद्रण ऐकताना तो पुन्हा सरळ करता येतो. या ध्वनिमुद्रिकांबाबत खरा फरक पडतो तो मूळ तबकडी किती चांगली होती, योग्य मापाची सुई लावली का आणि वेग बरोबर धरला का यांमुळे. वेग चुकला तर खाँसाहेबांची पट्टीच बदलते, आणि शिकवणाऱ्याने तिकडे आधी लक्ष द्यावे.

प्रश्न : साताऱ्यात शनिवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरी आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओग्राम, म्हणजे रेडिओ आणि तबकडी वाजवण्याचे यंत्र एकत्र असलेली पेटी, आहे. अनेक वर्षे बंद आहे. तो चालू करून त्याला मोबाईल जोडावा व ॲम्प्लिफायर म्हणून वापरावा असा विचार आहे. मागच्या बाजूला पिकअपसाठी सॉकेट आहे. चालेल का?

उत्तर : कृपया तो थेट प्लगला लावू नका, आणि तपासणी झाल्याशिवाय त्या सॉकेटमध्ये मोबाईलची वायर मुळीच घालू नका.

त्या काळच्या काही सेटमध्ये मेन्स ट्रान्सफॉर्मरच नसे. व्हॉल्व्हचे फिलॅमेंट एकापाठोपाठ एक जोडून थेट मेन्सवर चालवत आणि चॅसिसला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, मेन्सची एक बाजू येत असे. प्लग उलटा बसला की संपूर्ण चॅसिस आणि पिकअपचे सॉकेट २३० व्होल्टवर जाते. लाकडी पेटी आणि बेकलाईटची बटणे यांमुळे तेव्हा कोणाला धक्का बसत नसे, पण आज त्याला जोडलेला मोबाईल आपल्या हातात असतो. आपल्या सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर असला, तरी जुने कागदी कंडेन्सर गळके झालेले असतात आणि पहिल्याच मिनिटाला आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. तो पुन्हा मिळणे फार कठीण.

जुन्या रेडिओंचे काम केलेल्या मेकॅनिककडे सेट न्या. तो आधी कंडेन्सर बदलेल, मग १०० वॉटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावून सेट चालू करील. बल्ब पूर्ण पेटून तसाच राहिला, तर आत शॉर्ट आहे. क्षणभर उजळून मंद झाला, तर पुढे जाता येते. आत हात घालण्याची हौस आपण करू नये. प्लग काढल्यानंतरही फिल्टर कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात आणि ते जीवघेणे ठरू शकतात.

दुरुस्त झाल्यावर तो बहुधा चार-पाच वॉटचा, एकाच स्पीकरचा सेट असेल. त्याला स्टीरिओ करण्याच्या नादात आतली रचना तोडू नये. रेडिओ म्हणून तो जसा होता तसा वाजू द्यावा. स्टीरिओसाठी वेगळा ॲम्प्लिफायर घ्यावा.

प्रश्न : कराडला माझ्याकडे ९६ डेसिबल संवेदनशीलतेचे मोठे जुने स्पीकर आहेत. रात्री दहानंतर हळू आवाजात ऐकतो. आठ वॉटचा ३०० बी घेण्याची फार इच्छा आहे. सगळे वेड्यात काढतात.

उत्तर : अवश्य घ्या. आपल्या स्पीकरला ८७ डेसिबलच्या स्पीकरपेक्षा नऊ डेसिबल अधिक आवाज मिळतो, म्हणजे आपले आठ वॉट तिकडच्या ६४ वॉटच्या बरोबरीचे आहेत. हळू आवाजात तर आपण वॉटच्या शंभराव्या हिश्श्यात ऐकत असाल, आणि त्या पातळीवर सिंगल-एंडेड व्हॉल्व्हची विकृती, मिरजेच्या वाचकांना सांगितलेल्या बेरीज-वजाबाकीच्या सुरांसह, जवळजवळ नाहीशी होते. व्हॉल्व्हची खरी जागा मला अशा घरात दिसते. फक्त इतक्या संवेदनशील स्पीकरवर ॲम्प्लिफायरची घरघर उघडी पडते, म्हणून विकत घेण्याआधी गाणे बंद ठेवून, स्पीकरपासून हातभर अंतरावर कान नेऊन ती ऐका. घरचे अर्थिंगही तपासून घ्या.

एक काळजी मात्र जरूर घ्यावी. रात्री भार उतरला की अनेक ठिकाणी व्होल्टेज चढते. ॲम्प्लिफायर २२० व्होल्टसाठी बांधलेला असेल आणि घरी २५० येत असतील, तर ६.३ व्होल्टच्या फिलॅमेंटला सात व्होल्टच्या वर मिळतात. ३०० बीचे फिलॅमेंट पाच व्होल्टचे असते, पण प्रमाण तेच राहते. व्हॉल्व्हचे आयुष्य त्याने झपाट्याने घटते. रात्री दहा वाजता मल्टिमीटरने सॉकेटवर मोजा, आणि २४० च्या वर येत असेल तर चांगला स्टॅबिलायझर लावा. स्पीकरची वायर निघालेली असताना ॲम्प्लिफायर कधीही चालवू नका. भार नसला की आऊटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळते आणि त्याचे इन्सुलेशन फुटते. जुळवलेल्या व्हॉल्व्हची एक जोडी आजच घेऊन ठेवा.

प्रश्न : तासगावहून विचारतो. ऑनलाइन स्वस्तात ‘हायब्रिड’ ॲम्प्लिफायर दिसतात, वर दोन व्हॉल्व्ह लुकलुकतात. दोन्हींचे गुण मिळतात का?

उत्तर : चांगले हायब्रिड असतात. त्यांत पहिल्या टप्प्यावर व्हॉल्व्ह आणि स्पीकरकडे ट्रान्झिस्टर असतो. परंतु आपण म्हणता त्या किमतीत व्हॉल्व्हला पुरेसे प्लेट व्होल्टेज दिलेले नसते, आणि अनेकांत दिसणारा नारिंगी उजेड खाली बसवलेल्या एलईडीचा असतो. त्या पैशांत व्हॉल्व्ह नसलेला साधा डी वर्गाचा ॲम्प्लिफायर घ्या आणि उरलेले स्पीकरवर घाला.

प्रश्न : सांगलीतूनच : दुकानात दोन ॲम्प्लिफायर ऐकून निर्णय घ्यायचा तर नेमके कसे ऐकावे? दर वेळी दुसरा अधिक चांगला वाटतो.

उत्तर : तसे वाटण्याचे कारण बहुधा आवाजाची पातळी हेच असते. दोन ॲम्प्लिफायरमध्ये एक डेसिबलचा फरक असला, तर तो मोठा आवाज म्हणून कळत नाही, अधिक खुला आणि जिवंत आवाज म्हणून कळतो, आणि निर्णय तिथेच चुकतो. आपले स्पीकर शक्य असेल तर सोबत न्या, कारण पहिल्या उत्तरात म्हटल्याप्रमाणे दुसऱ्या स्पीकरवर ऐकलेला व्हॉल्व्ह आपल्या कामाचा नाही. मोबाईलमधून ४०० हर्ट्झचा अखंड सूर लावा, स्पीकरच्या मागच्या टोकांवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून पहिल्या ॲम्प्लिफायरचे व्होल्टेज मोजा, साधारण एक व्होल्ट पुरे. दुसऱ्याचा आवाज फिरवून तेच व्होल्टेज शंभरात एकाच्या फरकाने जुळवा. मग दोन्हींवर तीच दोन मिनिटे ऐका : आलापाचा असा तुकडा, ज्यात तानपुरा स्पष्ट आहे आणि डग्गा नुकताच सुरू झालेला आहे. कोणता ॲम्प्लिफायर चालू आहे हे दुकानातल्या माणसाने आपल्याला सांगू नये, आणि आपण त्याच्याकडे पाठ करून बसावे. चार-पाच वेळा अदलाबदल करूनही आपण दर वेळी तोच ओळखू शकलात, तर फरक खरा आहे आणि आवडीप्रमाणे निवडायला हरकत नाही. ओळखता आला नाही, तर दोघांतला स्वस्त आणि जवळ दुरुस्त होणारा घ्यावा.